सुट्टी लेकराला झाली, पण सांगितलं कुणाला?

तालुक्याच्या गावात मेडिकल चालवतो. बीड, लातूर, नांदेड, संभाजीनगर, कुठल्याही दवाखान्यातून लेकराला सुट्टी झाली की एक-दोन दिवसांत फाईल माझ्या काउंटरवर येते. कागद सगळा इंग्रजीत. "भाऊ, हे कसं पाजायचं?"

दवाखान्यात सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं बापाला नाहीतर चुलत्याला, जो बिलाच्या खिडकीशी उभा होता. औषध पाजणार आई नाहीतर आज्जी, आणि ती तेव्हा लेकरू घेऊन बाहेर गाडीपाशी. वर शेवटी विचारतात, "समजलं का?" डॉक्टरांपुढं "न्हाई समजलं" म्हणायची हिंमत आपल्याकडं कोण करतंय? मान हलते, "व्हय साहेब" येतं, कागदावर अंगठा होतो.

साधं तापाचं औषध घ्या. पॅरासिटामॉलच्या थेंबांत बहुतेक वेळा १ एमएलला १०० मिग्रॅ असतं. सिरपमध्ये ५ एमएलला १२० किंवा १२५, आणि दुसऱ्या एका बाटलीत ५ एमएललाच २५०. डोस ठरतो वजनावर, किलोमागे १० ते १५ मिग्रॅ. १० किलोच्या लेकराला "५ एमएल" सांगितलं ते साध्या सिरपचं. ती बाटली संपली, घरात धाकट्याचे थेंब पडलेले, त्यातलंच ५ एमएल दिलं की एका वेळेला ५०० मिग्रॅ पोटात. दिवसभर तसंच चाललं तर लिव्हरवर बेतू शकतं. आईनं तर सांगितल्याप्रमाणं ५ एमएलच दिलेलं असतं! म्हणून नुसते एमएल सांगू नका, बाटली हातात देऊन सांगा. पावडरच्या अँटिबायोटिकचंही तेच: उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हे करून दाखवल्याशिवाय कळत नाही.

मला जास्त भीती वाटते ती "७ दिवसांनी दाखवा" या ओळीची. आमच्याकडं तिचा अर्थ होतो, सात दिवस जायचं नाही. निमोनियातून उठलेलं लेकरू तिसऱ्या दिवशी पुन्हा धापा टाकतं, छाती आत ओढली जाते, दूध सोडतं, आणि घरचे तारखेची वाट बघत बसतात. तारखेच्या वर ठळक मराठीत लिहा: दम लागला, झटका आला, पिणं बंद झालं, लेकरू सुस्त पडलं तर रात्र असली तरी निघा, १०८ ला फोन लावा.

आणि ऊसतोडीच्या घरचं लेकरू असेल तर? दिवाळीनंतर टोळी सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, मुकादम थांबत नाही. बीडच्या ओपीडीची तारीख त्यांच्या काय कामाची? सुट्टी देताना "पुढच्या आठवड्यात कुठं असाल?" एवढं विचारलं तरी तिकडं कुठं दाखवायचं हे चिठ्ठीवर लिहिता येतं. हा प्रश्न लिहिलेली फाईल मी अजून पाहिली नाही.

वॉर्डात एका सिस्टरवर किती लेकरं असतात ते मला माहीत आहे, त्यामुळे "वेळ नाही" हे खोटं नाही. पण बिलाची प्रत्येक ओळ तपासायला माणूस मिळतो, तर आईला औषध मोजायची सिरिंज देऊन "किती भरणार, दाखवा बरं" म्हणायलाही मिळाला पाहिजे. तिनं चुकीच्या रेघेपर्यंत भरलं तर तिथंच कळेल. माझ्या काउंटरवर येईस्तोवर दोन दिवसांचे डोस गेलेले असतात.