काका, तुमचा तो फॉरवर्ड पोट्ट्याच्या भाषणात आला

भाचा सातवीत आहे. पंधरा ऑगस्टच्या भाषणाची प्रॅक्टिस करत होता, मधेच म्हणतो, "अहिंसा हे भित्र्यांचं काम, इंग्रज फक्त बंदुकीला घाबरून गेले." कुठून आणलं रे हे? तर फॅमिली ग्रुपवर मोठ्या काकांनी टाकलेला फॉरवर्ड. तिथं काकांसमोर बोलता येत नाही, म्हणून इथं.

भित्र्यांचं? अरे बाप्पा, १९२३ साली याच नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा घेऊन जाऊ देत नव्हते. १ मेपासून रोज एक तुकडी झेंडा घेऊन निघायची, पोलीस धरून न्यायचे, दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी तयार. जमनालाल बजाज आत गेले तर वल्लभभाई पटेलांनी येऊन सूत्रं हातात घेतली, बाहेरच्या प्रांतातूनही लोक आले, हजाराच्या वर माणसं जेलात गेली आणि शेवटी १८ ऑगस्टला मिरवणूक झेंड्यासकट त्याच सिव्हिल लाइन्समधून गेली. उद्या आपल्यालाही उचलणार हे माहीत असून रांगेत उभा राहणारा भित्रा, अन् सोफ्यावर बसून फॉरवर्ड करणारा शूर. वा.

आणि बंदूक म्हणता तर ती धरणारे हात बहुतेक आपल्याच लोकांचे होते ना. २३ एप्रिल १९३० ला पेशावरात निःशस्त्र जमावावर गोळी चालवायला गढवाल रायफल्सच्या शिपायांनी नकार दिला, चंद्रसिंग गढवाली त्यापायी कितीतरी वर्षं जेलात होते. समोरच्यांनी बंदुका रोखल्या असत्या तर हे शिपाई थांबले असते का? पटवारी, कारकून, शिपाई आपलेच, त्यांच्या भरवशावर राज्य चाललेलं. त्यांनाच आपल्याकडे ओढायचं, हा डाव होता.

"जगात असं कुठंच चाललं नाही" म्हणे. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अमेरिकी अभ्यासकांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ चळवळी तपासल्या. अहिंसक ५३ टक्के यशस्वी, सशस्त्र २६. झालं.

नौदलाच्या बंडाचं, आझाद हिंद सेनेच्या खटल्यांचं म्हणाल तर हो, त्यानं इंग्रज हादरले, फौजेवरचा भरवसा गेला, मान्य. पण फेब्रुवारी १९४६ चं ते बंड सुरू कसं झालं? मुंबईतल्या 'तलवार' या नौदल तळावरच्या खलाशांनी जेवण नाकारलं, तिथून.

आणि स्वातंत्र्यावेळचे ब्रिटिश पंतप्रधान अ‍ॅटली यांचं 'आम्ही जाण्यात गांधींच्या चळवळीचा वाटा नगण्य' हे वाक्य तर सोडाच, १९५६ च्या गप्पांची एका न्यायाधीशांनी वीस वर्षांनी पत्रात लिहिलेली आठवण आहे ती.

भाच्यानं ते वाक्य खोडून झेंडा सत्याग्रह टाकलाय. आता विचारतो, "मामा, बंदी नेमकी कोणत्या रस्त्यावर होती, जाऊन पाहू का?" रविवारी नेतो.