फडताळ बुजवा, भिंत नटवा

स्वयंपाकघराचं काम काढलंय म्हणता? उत्तम. जुनी शहाबादी फरशी निघाली, कट्ट्यावर ग्रॅनाइट बसलं, ट्रॉल्या लागल्या, चिमणीही आली. आता एकच भिंत उरलीय, टीव्हीची. इतके दिवस कट्टा किती उंच, सिंक कुठल्या हाताला, असलं काहीबाही घरातल्या बाईला विचारावं लागत होतं. इथून पुढं ती कटकट नाही. टीव्हीच्या भिंतीला एक सुतार, एक इलेक्ट्रिशियन, एक इंटेरियरवाला आणि पुण्याहून फोनवर दाजी एवढे पुरतात.

आधी त्या भिंतीतलं फडताळ बुजवा. त्यात कांदा-लसूण चटणीची बरणी असायची, उन्हाळ्यात डंकावर नंबर लावून कुटून आणलेली, वर्षाची. बरणीला दुसरीकडं जागा होईल. कुठं, ते नंतर बघू.

टीव्ही 55 इंचीच घ्या. हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं, म्हणजे रुंदी झाली चार फूट. दहा बाय दहाच्या खोलीत बातम्या देणाऱ्या बाईच्या पापण्या मोजता येतात. (दाजी 65 म्हणतील. दाजींना आपल्या खोलीचं माप माहीत नाही.) टीव्ही अशा भिंतीवर लावा की कट्ट्यापाशी उभं राहणाऱ्याची पाठ बरोबर त्याच्याकडं येईल. मालिका काय, ऐकली तरी कळते.

आता मूळ मुद्दा. टीव्हीमागं लावायचं काय? कोल्हापूरला पडद्याची परंपरा आहे. बाबूराव पेंटर आधी नाटकाचे पडदे रंगवायचे, मग सिनेमाकडं वळले. 1929 साली प्रभात फिल्म कंपनी याच गावात सुरू झाली. या मंडळींनी सगळी अक्कल पडद्यावर काय दिसावं यात घालवली. पडद्यामागची भिंत मात्र तशीच राहून गेली. ती उणीव आता तुम्हाला भरून काढायचीय.

पहिली पसंती लुव्हर्सना द्या. उभ्या पट्ट्या, मधे खाचा. सुतार म्हणेल, "साहेब, सध्या हेच चाललंय." एवढा पुरावा बास झाला. तांबड्या रश्श्याची फोडणी पडली की तेलकट धूर उठतो. त्यातला बराचसा चिमणी ओढते, उरलेला येऊन खाचांत बसतो. त्यावर दळणाचं पीठ, त्यावर रस्त्याची धूळ. गणपतीपर्यंत प्रत्येक खाचेत एक चिकट वात तयार होते. मग जुना टूथब्रश घ्यायचा आणि वरून खाली एकेक खाच घासायची. कुणी घासायची, हे लुव्हर्स निवडताना काढू नका. भिंत पुरुषांची असली तरी खाचा बायकांच्या असतात.

लुव्हर्स नको असतील तर वॉलपेपर. केळीची पानं, सोनेरी रेघा, हवं ते मिळतं. उन्हाळ्यात तर भिंतीवरून हात फिरवत बसावंसं वाटतं. मग पाऊस लागतो. राधानगरी धरण भरलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. वॉलपेपरचे कोपरेही साधारण त्याच आठवड्यात उघडतात, त्यांनाही कुणी हात लावावा लागत नाही. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर इशाऱ्याच्या 39 फुटांवर गेली, ही बातमी टीव्हीवर आणि तिचा परिणाम टीव्हीमागं, असं दोन्ही एकाच वेळी बघायला मिळतं.

दगडी क्लॅडिंगही आहे. त्यानं स्वयंपाकघराला पन्हाळ्याच्या बुरुजाची कळा येते. 1660 सालचा सिद्दी जौहरचा वेढा आठवत जेवायचं असेल तर जरूर लावा.

चकचकीत अ‍ॅक्रिलिकबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, विशेषतः तुमची खिडकी पश्चिमेला असेल तर. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीपर्यंत, मग मुखावर. तुमच्याकडं हे रोज होईल, आणि तेही अर्ध्या तासात. आधी टीव्हीखालची पट्टी उजळेल, मग निवेदिकेचा गळा, मग तिचा चेहरा, आणि शेवटी सगळी भिंतच पेटेल. देवळाच्या किरणांना आड इमारती येतात म्हणून लोक हळहळतात. तुम्ही शेजाऱ्यानं आणखी एक मजला चढवावा म्हणून नवस बोलाल. मॅट लॅमिनेटनं हे टळतं म्हणतात. पण मॅट म्हणजे पाव्हण्यांना आपलं तोंड भिंतीत दिसणार नाही. मग काम करून उपयोग काय?

भिंतीला मागून प्लाय लागेल. तो "सातशे दहा"च मागा. आयएस 710 म्हणजे मरीन प्लाय, ओलीला सहसा दाद देत नाही. खरं तर तो सिंकखाली लावायचा. पण सिंकखाली कोण बघायला येतंय? तिथं साधा टाका, भारीतला टीव्हीमागं घाला.

विजेचे पॉइंट आधी ठरवू नका. प्लास्टरच्या वेळीच भिंतीत दोन इंची पाइप टाकून ठेवला असता तर सगळ्या वायरी आतून गेल्या असत्या, हे ज्ञान शेवटचा खिळा ठोकल्यावर व्हावं. मला तसंच झालं. आमची काळी वायर सोनेरी प्रोफाइलवरून पाल लटकावी तशी लटकते, आणि इंटेरियरवाला तिला "इंडस्ट्रियल लुक" म्हणतो.

या सगळ्यात घरातलं म्हातारं माणूस म्हणेल, "सरळ टाइल लाव की. नायतर ऑइलपेंट मार. ओलं फडकं फिरवलं की झालं." शांतपणे ऐकून घ्या. "आई, ही काय मोरी हाय व्हय?" एवढं बोललं की विषय संपतो.

भिंत तयार झाली की रविवारी पाव्हण्यांना जेवायला बोलवा. निळी एलईडी पट्टी लावा, ट्यूब घालवा. "नाद खुळा!" म्हणतील. तेवढ्यात तुम्ही रुबाबात रिमोट दाबाल आणि काहीच होणार नाही. सेल बदलाल, रिमोट तळहातावर आपटाल. मग जवळ जाऊन बघाल तर टीव्हीखालच्या तरंगत्या फळीवर, सेटटॉप बॉक्सच्या बरोबर डोळ्यासमोर, चटणीची बरणी. कोरडी जागा, बॉक्सची ऊब, पोरांचा हात पोचत नाही. मॅट कडेवर चार बोटं तांबडी उमटलेली.

बरणी सरकवायला हात पुढं कराल, तेवढ्यात कट्ट्याकडून, मागं वळूनही न बघता, आवाज येईल, "ओला हात लावू नका तिला."