एडमंड्सचे 4 लाख कुठून आले?

पहिल्या महायुद्धातल्या पॅशेनडेलच्या लढाईवरच्या (31 जुलै ते 10 नोव्हेंबर 1917) एका लेखात अधिकृत ब्रिटिश इतिहास लिहिणाऱ्या एडमंड्सला, जर्मन हानीचा आकडा फुगवला म्हणून, सरळ ‘खोटारडा’ म्हटलंय. एवढी घाई नको, पण त्याला निर्दोष सोडण्यासारखंही नाही. आधी आकडे बघू.

त्याच्या 1948च्या अधिकृत ब्रिटिश इतिहासात ब्रिटिश हानी (मृत, जखमी, बेपत्ता मिळून) 2,44,897 आहे आणि जर्मन हानी सुमारे 4 लाख. एडमंड्सचा युक्तिवाद असा, की जर्मन याद्यांत किरकोळ जखमी धरलेले नसतात, ब्रिटिश याद्यांत असतात. म्हणून जर्मन आकड्यात 30 टक्के मिळवा. शंका रास्त आहे, हिशेब नाही. जर्मन बाजूचा आकडा 2 लाख 17 हजारांच्या आसपास. त्यात 30 टक्के मिळवले तरी 2 लाख 82 हजार होतात. वरचे लाखभर कुठले? शिवाय ही 30 टक्क्यांची टक्केवारी कागदपत्रांतून सिद्ध झालेली नाही, आणि सगळ्या लढायांना एकच टक्केवारी लावणं तर मुळातच चूक.

हेतूचा प्रश्न उरतो. एडमंड्स हा पॅशेनडेलच्या वेळचा ब्रिटिश सरसेनापती हेग याचा स्टाफ कॉलेजमधला (लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण संस्थेतला) वर्गमित्र, युद्धात त्याच्याच मुख्यालयात काम केलेला. पॅशेनडेलच्या खंडाचा मसुदा आधी सहलेखक विन याच्याकडे होता; एडमंड्सचे फेरफार पटेनात म्हणून त्याने स्वतःचं नाव काढून घेतलं. माझ्या मते आकडेमोडीपेक्षा हा पुरावा जड आहे. नुसत्या बेरजेच्या चुकीवरून सहलेखक नाव काढून घेत नाही.