लॉजिक घरी ठेवून नाही, सोबत घेऊनच बघतो आम्ही

एका लेखात म्हटलंय की गाणी-मारामारीचे हिंदी सिनेमे प्रेक्षकाला बावळट समजतात. मला तर उलटं वाटतं. आमच्या परभणीकडं असले सिनेमे बघताना 'हे खोटंय' असं कुणाला सांगावं लागत नाही; ते धरूनच मजा घेतात लोक.

'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधलं रक्तदान आठवा. लहानपणी ताटातूट झालेल्या तिघा पोरांचं रक्त नळ्यांतून वर चढतं, एका बाटलीत जमा होतं आणि तिथून थेट आईला! दिग्दर्शक मनमोहन देसाईंना काय विज्ञान ठाऊक नव्हतं होय? त्यांनी ताटातुटीची सगळी गोष्ट एका चौकटीत बसवली, तीही टायटल पडताना. बाकीच्या सिनेमांना तेवढ्यासाठी तीन तास लागले असते.

'मैं हूँ ना'त (२००४) दिग्दर्शिका फराह खान तर प्रेक्षकाला डोळाच मारते. शाहरुख सुश्मिताला बघून आपोआप गायला लागतो, मागं व्हायोलिनवाले हजर! थुंकी उडवणाऱ्या प्राध्यापकाला तो 'मॅट्रिक्स'सारखा मागं वाकून चुकवतो, आणि गुंडांच्या गाडीमागं लागतो सायकल रिक्षा घेऊन. अन् गंमत म्हणजे त्याच सिनेमात सावत्र भावाचं प्रकरण आलं की आमची आई डोळे पुसते, बघा.

मात्र अलीकडं बऱ्याच सिनेमांत नुसती स्लो मोशनमधली एन्ट्री उरलीय, हिरो स्वतःवर हसतच नाही. तिथं मात्र लेखकाशी शंभर टक्के सहमत. तसला सिनेमा लागला की मी मध्यंतरातच भजी खायला बाहेर.