रोज चादर बदलतो म्हणे!

रात्रीचे तीन वाजलेत. मोबाइलचा टॉर्च लावून मी गादीची शिवण बोटाबोटाने चाचपत बसलेय. ढेकूण! चार दिवस फिरायला काय गेलो, बॅगेतून हे विकतचं दुखणं घेऊन आलो.

हॉटेलात फोन केला तर उत्तर काय, "मॅडम, आम्ही रोज चादर बदलतो." अरे बाबा, ढेकूण काय चादरीवर पथारी पसरून बसतो? तो असतो गादीच्या शिवणीत, पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे, स्क्रूच्या भोकात. चादर तासातासाला बदला, त्याला काय! त्याला रक्त हवं, आणि ते भाडं भरून माणूस स्वतःच आणून देतोय.

चिडचिड माझ्यावरही आहेच. तिथे खोलीत शिरल्या शिरल्या बॅग आपटली पलंगावर, घरी येऊन पुन्हा पलंगावरच उघडली. आधी बाथरूमच्या फरशीवर ठेवून गादीचे कोपरे उचलून बघायला दोन मिनिटं लागली असती. काळे ठिपके दिसले असते, शाईचा पेन टेकवल्यासारखे. पण नाही! चट्टे उठले तेही काही दिवसांनी. तोवर मी बिचाऱ्या डासांना शिव्या घालत होते.

आणि वर नातेवाईक! "घर स्वच्छ ठेवलं की होत नाहीत हो." ढेकणाला तुमच्या केरवाऱ्याशी काय देणंघेणं? दुसरे म्हणतात, खोली महिनाभर बंद ठेवा, उपाशी मरतील. तो कित्येक महिने उपाशी राहू शकतो, मी कुठे राहू? तिसऱ्याने स्प्रे मारायला सांगितला, तोही मारला. बरेचसे त्या औषधाला निर्ढावलेले, उरलेले पळाले शेजारच्या खोलीत. एक मादी दिवसाला 1 ते 5 अंडी घालते, अंडं जेमतेम 1 मिलिमीटरचं. शोधा आता!

कपड्यांचं एक वेळ जमतं. 60 अंशांच्या पाण्यात धुवा, नाहीतर ड्रायरमध्ये कडक तापमानावर अर्धा तास फिरवा, मरतात. पण बॅगेचं काय करू? ती मशीनमध्ये मावत नाही. चेनच्या कडेला, अस्तराच्या आत कोण बसलंय ते मला कसं कळणार? काळ्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलीय गॅलरीत, आणि येता-जाता तिच्याकडे संशयाने बघतेय.

मघाशी एक दिसला होता शिवणीवर. चिकटपट्टी आणेपर्यंत गेला आत.