दानासाठी विणताय ना, मग दोरा चांगला घ्या

बरेच दिवस मनात आहे ते आज लिहूनच टाकते. घरातल्या बाळाचं टोपडं विणायचं असलं की आपण म्हापशाच्या बाजारात मऊ कॉटन शोधत फिरतो, गालाला लावून बघतो, रंगावरून दुकानदाराला भंडावून सोडतो. आणि हॉस्पिटलला द्यायच्या टोप्या असल्या की कपाटातली उरलीसुरली ॲक्रिलिकची लोकर बाहेर निघते, वर म्हणायचं काय तर वाया जाण्यापेक्षा बरं ना! बायांनो, मला हे अजिबात पटत नाही. जिला आपण ओळखत नाही तिची कातडी काय वेगळी असते?

माझ्या मावशीची केमो चालली होती तेव्हा हे मी जवळून बघितलं. केस गेल्यावर तिला उशीचा अभ्रासुद्धा टोचायचा. बाहेर मे महिन्याचा घाम आणि आत वॉर्डात एसीचा गारठा, त्यामुळे टोपी तर लागायचीच. कोणीतरी मायेने दिलेली ॲक्रिलिकची टोपी तिने लगेच काढून ठेवली, कारण ॲक्रिलिक घाम शोषत नाही, डोकं नुसतं शिजतं आणि शिवण येते तिथे खाज सुटते. मग मी कॉटनची दिली, टाळूपासून गोल विणत खाली आणलेली, शिवणच नाही. ती टोपी मात्र मावशी झोपतानाही घालायची.

तान्ह्या बाळांचं तर आणखी जपायला हवं. जाळीदार मोजे दिसायला गोड, पण बाळाची बोटं त्या भोकांत अडकतात, आतला सुटा दोरा बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडतं आणि बाळ का रडतंय ते कोणाला कळत नाही. म्हणून मुके खांब, म्हणजे क्रोशाचे आखूड दाट टाके, घट्ट घालायचे, दोऱ्याची टोकं सुईने नीट आत ओवून टाकायची, बटण नको, मणी नको. खेळण्याला प्लास्टिकचे डोळे लावू नका, दोऱ्यानेच भरतकाम करून काढा.

क्रोशाचा ऑक्टोपस बहुतेकींनी बघितलाय. 2013 मध्ये डेन्मार्कला सुरू झालं ते, वेळेआधी जन्मलेलं बाळ त्याचे पाय मुठीत धरतं, ते नाळेसारखे लागतात म्हणे, मग अंगावरच्या नळ्या ओढत नाही. फायदा पक्का सिद्ध झालेला नाही, डॉक्टर नको म्हणाले तर नकोच. पण हे सुरू करणाऱ्या तिथल्या लोकांचे नियम बघा, 100 टक्के कॉटन, 60 डिग्रीच्या पाण्यात धुता आला पाहिजे, पाय ताणून 22 सेंटीमीटरच्या वर जाता कामा नये, नाहीतर गळ्याभोवती बसेल. अनोळखी बाळासाठी एवढा विचार! तसंच अमेरिकेत 2011 पासून चाललेलं 'निटेड नॉकर्स', स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायकांना ब्रामध्ये घालायला विणलेले हलके स्तन फुकट देतात. सिलिकॉनचे जड असतात, आत घाम साचतो, आपल्या गोव्याच्या हवेत तर विचारूच नका. मला वाटतं हे काम इथे जास्त व्हायला हवं.

कॉटन महाग पडतं, मान्य आहे. मग पाच टोप्यांच्या जागी दोनच करा, पण त्या कोणीतरी खरंच घालेल अशा करा. आणि सुई हातात घ्यायच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरना फोन करून विचारा, काय लागतंय, कुठल्या मापाचं, नाहीतर ढीग येतो आणि कपाटात पडून राहतो. पावसाळ्यात धुऊन देणार असाल तर कडकडीत सुकल्याशिवाय पिशवीत भरू नका, कॉटन आत दमट राहतं आणि बुरशी धरते. उरलेल्या लोकरीचं दाराला तोरण करा, चवथीला छान दिसतं, पिशव्या करा.

आम्ही काहीजणी मिळून कॉटन एकत्र मागवतोय, घाऊक घेतलं की स्वस्त पडतं. फोंडा-म्हार्दोळच्या बाजूला कोणी असेल तर मेसेज करा, नवशिक्या असल्या तरी चालेल, साखळी आणि खांब शिकवायला मी आहे.