मशीनला अजून रिबीन बांधलेली आहे

काल परत गेलो होतो. पाचवी खेप. भोसरीहून निघायचं, ट्रॅफिकमध्ये तास-सव्वा तास सडायचं, गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव, गाडी नंबर, कुणाला भेटायचंय, कशासाठी, सगळं लिहायचं, आणि वर जाऊन काय ऐकायचं तर "सर मीटिंगमध्ये आहेत, तुम्ही एक मेल टाकून ठेवा ना." अहो मॅडम, टाकलाय मेल. मार्चपासून टाकतोय. एवढ्या मेलांची प्रिंट काढली असती तर रद्दीवाल्याने चहाचे पैसे तरी दिले असते.

ज्या संशोधन पार्कात या खेपा घालतोय, म्हणजे विद्यापीठाच्या आवारात धंदेवाल्यांना जागा आणि लॅब मिळावी म्हणून काढतात तसलं, त्याचं नाव घेत नाही, कारण उद्या परत तिथेच जायचंय. पण पुण्यात ज्याने कुठल्यातरी विद्यापीठ-कॉलेजच्या "संशोधन पार्क", "इनोव्हेशन हब", "इन्क्युबेशन सेंटर"च्या पायऱ्या झिजवल्यात त्याला बरोबर कळेल मी काय म्हणतोय.

आधी माझं काम सांगतो. भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, चार माणसं, पोटासाठी पॅनल वायरिंग करतो. आणि गेली दोन वर्षं रात्रीचं बसून एक यंत्र बनवतोय, कांद्याच्या चाळीत लावायचं. ओतूरला आमच्या तात्यांची चाळ आहे, तिथून डोक्यात आलं. चाळीत कांदा सडायला लागला की वास माणसाच्या नाकापर्यंत पोचेस्तोवर आतला थर गेलेला असतो, मग सगळी चाळ उपसत बसा, निवडत बसा, आणि तोवर भाव पडलेला. तर आम्ही जाळीत ठिकठिकाणी सेन्सर ठेवतो, सडका गॅस वाढला की मोबाईलवर मेसेज. साधी गोष्ट आहे, रॉकेट नाहीये. फक्त एक लोचा आहे, पावसाळ्यात दमटपणा वाढला की हे स्वस्तातले गॅस सेन्सर खोटं बोलायला लागतात, कांदा ठणठणीत आणि यंत्र बोंबलतंय. म्हणून आम्हाला एक असं कपाट पाहिजे ज्यात ३५ डिग्री आणि ९० टक्के ह्युमिडिटी तासन्‌तास धरून ठेवता येते. एन्व्हायर्नमेंटल चेंबर म्हणतात त्याला. विकत घेणं आपल्या बापजन्मात शक्य नाही.

आणि हे कपाट त्या पार्कात आहे! दुसऱ्या मजल्यावर, उजव्या हाताची तिसरी खोली. सरकारी अनुदानातून घेतलेलं, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशातून. मी डोळ्यांनी बघितलंय. साहेब लोकांनी नाही दाखवलं, तिथले शिपाई मामा आहेत त्यांनी चहा पिता पिता दाखवलं. काचेच्या दारावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. हँडलला लाल साटीनची रिबीन, अर्धी कापलेली, अर्धी तशीच लोंबतेय. वर कुंकवाचं स्वस्तिक, आणि मागच्या बाजूला झेंडूची फुलं वाळून त्यांचा नुसता भुगा झालाय. मामा म्हणाले, "उद्घाटनाला चालू केलं होतं ना साहेब, दहा मिनिटं. आत लाईट लागते, लई भारी दिसतं."

दहा मिनिटं!

मग बंद का आहे? तर चालवायला ऑपरेटर नाही. का नाही? तर पोस्ट मंजूर नाही. त्यातून त्याला शुद्ध पाणी लागतं, नळाचं चालत नाही, आणि त्या पाण्याचा प्लांट वेगळ्या टेंडरमध्ये अडकलाय. आणि समजा उद्या ऑपरेटर आला, पाणी आलं, तरी बाहेरच्या माणसाला तासाला किती रेट लावायचा हे ठरवणारी कमिटी बसलेली नाही. कमिटी का बसली नाही? तर कमिटीतले एक सर रिटायर झाले, त्यांच्या जागी कोण हे ठरायचंय. मी विचारलं, मॅडम, मी माझा माणूस आणतो, पाण्याचे कॅन पण मीच आणतो, रेट तुम्ही सांगाल तो. तर म्हणे "तसं चालत नाही हो, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?" काय होणारे? बंद मशीन अजून किती बंद पडणारे?

आता यात त्या मॅडमची चूक नाही हे मलाही कळतं. गोम पैसे ज्या पद्धतीने येतात तिथे आहे. अनुदान येतं ते बिल्डिंग आणि मशीनसाठी. माणसाचा पगार, एएमसी म्हणजे मशीनच्या देखभालीचा वार्षिक करार, विजेचं बिल, या खर्चाला कागदावर रकानाच नाही. आणि ते पैसे यायला उशीर, खर्चायची घाई. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवून युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे वापरल्याचा दाखला, द्यायचं, नाहीतर पुढचा हप्ता अडकला. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये ट्रकच्या ट्रक मशीन येऊन पडतात, कुणाला लागणारेत हे विचारायला वेळ कुणाला आहे. सर्टिफिकेट गेलं की विषय संपला. मशीन चाललं का, कुणी वापरलं, त्यातून कुणाचा धंदा उभा राहिला, हा रकाना फॉर्ममध्येच नसेल तर भरणार कोण?

आणि वरती भाषणं ऐका. "राज्याच्या अर्थव्यवस्थेला चालना." उद्घाटनाला मी होतो हो तिथे, मागच्या रांगेत. सव्वा तास चालनाच चालू होती. इतके स्क्वेअर फूट, इतके सामंजस्य करार, इतके लाभार्थी. त्या लाभार्थ्यांत मी पण आहे बरं का! ब्रोशरच्या सहाव्या पानावर "आम्ही घडवलेले उद्योजक" म्हणून माझा फोटो आहे. एकदा पाहुणे येणार होते म्हणून फोन आला, तुमचं मॉडेल घेऊन या, स्टॉल देतो, टी-शर्ट देतो. हौसेने गेलो, दिवसभर उभा राहिलो, एका साहेबांनी कांदा हातात घेऊन फोटो काढला, संध्याकाळी टी-शर्ट घेऊन घरी आलो. एवढंच घडवलं मला. चेंबर टेस्टिंग शेवटी एका खाजगी लॅबमध्ये केलं, तासाचे पैसे मोजून, तेही अर्धंच, कारण पैसे संपले.

लगेच कुणीतरी येईल शहाणपण शिकवायला, की अमेरिकेत बघा, अमेरिकेत कसं झालं. बघितलंय मी. नॉर्थ कॅरोलायनाचं ते रिसर्च ट्रँगल पार्क घ्या, १९५९ चं. राज्य तसं गरीबच, तंबाखू, कापड, फर्निचर यावर चालणारं, शिकलेली पोरं बाहेर पळायची. तीन विद्यापीठांच्या मधल्या जमिनीवर पार्क काढलं, त्यासाठी तिथल्या धंदेवाल्यांकडून देणग्या गोळा केल्या, आणि पहिली पाच-सहा वर्षं मोजकेच लोक आले. १९६५ ला आयबीएमने येतो म्हटलं आणि केंद्र सरकारची एक मोठी आरोग्य संशोधन संस्था आली, तेव्हा कुठे गाडी हलली. म्हणजे फायदा होतो, राज्याचं नशीब बदलू शकतं, नाही कोण म्हणतंय. पण ते सहा वर्षं धरून बसले. आपल्याकडे सहा वर्षांत तीन संचालक, चार लोगो आणि दोनदा नाव बदलून होतं.

स्टॅनफर्डचं तर अजून गमतीशीर आहे. तिथलं पार्क १९५१ चं, आणि सुरुवात झाली ती निव्वळ जमिनीपायी. विद्यापीठाकडे जमीन ढीगभर, दान देणाऱ्याच्या अटीमुळे विकता येईना, मग भाड्याने द्या. म्हणजे आमच्या पार्कवर मी "ही नुसती रिअल इस्टेट आहे" म्हणून कितीही ओरडलो तरी मूळ पुरुषही तोच आहे! फरक एवढाच की फ्रेडरिक टर्मन नावाचा त्यांचा डीन असा भाडेकरू बघत होता की ज्याचं विद्यापीठातल्या लॅबशी काही देणंघेणं असेल. आमच्याकडे तळमजल्यावर बँकेचं एटीएम, पहिल्या मजल्यावर एक कोचिंगवाला, आणि शेजारी कुणाचं तरी एचआर कन्सल्टन्सीचं ऑफिस. संशोधन!

बरं अमेरिका सोडा, चेन्नई तर आपल्याच देशात आहे ना. आयआयटी मद्रासचं रिसर्च पार्क, २०१० पासून. तिथे नियम असा की आत जागा पाहिजे असेल तर कंपनीला क्रेडिट कमवावे लागतात, म्हणजे तिथल्या प्राध्यापकांबरोबर, पोरांबरोबर खरंखुरं काम करून दाखवावं लागतं. नुसतं भाडं भरून ऐटीत बसता येत नाही. एवढा एक नियम आहे आणि बाकी सगळं त्यातून येतं. एथरची इलेक्ट्रिक स्कूटर त्याच आयआयटीच्या इन्क्युबेशनमधून, म्हणजे नवे धंदे उभे करायला मदत करणाऱ्या केंद्रातून आली. २०१६ मध्ये स्टार्टअप इंडियाच्या घोषणेत याच धर्तीवर अजून सात पार्क काढायचं ठरलं. धर्ती म्हणजे काच आणि लिफ्ट असं आमच्या लोकांनी समजून घेतलंय बहुतेक.

आणि पुण्याने तर हे आधीच करून दाखवलंय राव, याचा जास्त राग येतो. अमेरिकेने सुपरकॉम्प्युटर दिला नाही म्हणून १९८८ ला सी-डॅक ही कॉम्प्युटर संशोधनाची सरकारी संस्था काढली, गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारात, आणि १९९१ ला परम ८००० हा आपला सुपरकॉम्प्युटर उभा केला. सरकारी पैसाच होता तो. पण काय बनवायचंय हे आधी माहीत होतं, बिल्डिंग नंतर. पाषाण रोडला एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, आवारात व्हेंचर सेंटर नावाचं इन्क्युबेशन सेंटर आहे, २००७ पासून, तेही सरकारी संस्थेच्याच अंगणात, तिथे बाहेरची माणसं लॅब वापरतात, पैसे भरतात, काम करतात. पण तो प्रांत केमिस्ट्री-बायोटेकचा, कांद्याच्या चाळीतलं वायरिंग घेऊन तिथे कुठे जाऊ. म्हणजे जमतं. याच शहरात, याच सरकारी पैशात जमतं. मग चार-पाच किलोमीटरवर का जमत नाही?

"म्हणजे सरकारने पैसे देऊच नयेत का?" असं विचारणाऱ्यांसाठी: अहो द्या! जास्त द्या! २०२०-२१ चा सरकारी आकडा बघा, देश संशोधनावर जीडीपीच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करत होता, त्यात अजून काय कापणार? पण दहा मशीन घेण्यापेक्षा पाच घ्या आणि उरलेल्या पैशात पाच माणसं ठेवा, जी सकाळी नऊला येऊन ते बटण दाबतील. एवढंच मागणं आहे माझं. बटण दाबणारा माणूस. भोसरी-चाकणला माझ्यासारखे किती छोटे वर्कशॉपवाले आहेत, प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये काहीतरी अर्धवट बनवलेलं पडलंय, कुणाला चेंबर पाहिजे, कुणाला व्हायब्रेशन टेबल, कुणाला नुसतं एक मायक्रोस्कोप दोन तास. हे चालले तर माल इथे बनेल, टॅक्स इथे भरला जाईल, चार पोरांना इथे काम लागेल. राज्याची अर्थव्यवस्था म्हणजे अजून वेगळं काय असतं मला तर माहीत नाही, मी डिप्लोमावाला माणूस.

तात्यांचा परवा फोन होता. "झालं का रे तुझं यंत्र? आभाळ भरून आलंय इकडे." म्हटलं, होतंय तात्या, एक टेस्ट राहिलीय. "मागच्या वर्षी पण एकच राहिली होती," म्हणाले. काय बोलणार.

आणि आज सकाळी मेल आला, त्यांच्याकडून! हात थरथरले राव उघडताना, म्हटलं कमिटी बसली वाटतं. फेज टूच्या इमारतीचं भूमिपूजन आहे पुढच्या महिन्यात. यशस्वी उद्योजक म्हणून स्टॉल लावायचा आहे, कृपया टी-शर्टची साईज कळवावी.

कळवली. एक्सएल. त्याच मेलच्या खाली चेंबरचं परत विचारलंय.